मिनार छापाचा नमुना

मोगलाईत मी जकातीच्या नाक्यावर मुन्शी होतो. बार्शीकडचा मुलूख इंग्रजांचा, इकडचा निजामाचा, आणि मधल्या हद्दीवर आमचा नाका. येडशीच्या अलीकडं, छोट्या रेल्वेच्या रुळाला लागून. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांची नातवंडं अजून तिथं नांदताहेत, आणि मी जे सांगणार आहे त्यात त्यांचा काही दोष नाही. दोष माझा आहे.

नाक्यावर जकातीच्या वह्यांखेरीज आणखी एक वही असायची. तिला आम्ही छापांची वही म्हणायचो. परदेशातून येणाऱ्या सुया, रंग, औषधं असल्या मालाचा हक्क ज्या व्यापाऱ्याकडं असेल, त्यानं सदर, म्हणजे मुख्य कचेरीत अर्ज करायचा, मालावरच्या छापाचे नमुने जोडायचे. हक्क मंजूर झाला की एकेक नमुना प्रत्येक नाक्यावर यायचा. आमच्यासारखा मुन्शी तो वहीत चिकटवून शेजारी मालकाचं नाव, गाव आणि मालाचा प्रकार उर्दूत लिहायचा. पुढं त्या छापाचा माल आला की वही उघडायची, डबीवरचा कागद नमुन्याला लावून धरायचा आणि रेघ न् रेघ ताडून पाहायची. याला मिलान म्हणत. जुळलं तर माल पुढं. नाही जुळलं तर पेटीला लाख लागायची, आणि आठ दिवसांत मालकानं आपला माल खरा असल्याचं शाबीत केलं नाही तर पंचांसमोर पेट्या जाळायच्या.

मिलान करण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, असं मी समजत होतो. अक्षर माझं मोत्यासारखं, नजर घारीसारखी, आणि जीभ, बायको म्हणायची, बाभळीच्या काट्यासारखी. व्यापारी मला टरकून असत. मला ते आवडायचं. आता या वयात कबूल करायला काय हरकत आहे? कुणाची पेटी अडवली की त्या दिवशी जेवण जरा जास्तच गोड लागायचं.

छापांच्या वहीत एक पान मिनार छापाचं होतं. हे कोयनेलचं, म्हणजे क्विनाइनचं औषध, हिवतापावरचं. पत्र्याची चपटी डबी, आत पांढऱ्या गोळ्या, वर निळा कागद. कागदावर समुद्रातला दिव्याचा मनोरा, त्यातून निघणारे किरण आणि खाली पाणी. पण आमच्या मुलखात समुद्र पाहिलेला माणूस शोधून सापडला नसता. लोकांना तो मशिदीचा मिनार वाटला आणि औषधाला मिनार छाप असं नाव पडलं. त्याचा हक्क धाराशिवच्या पेठेतल्या एका लिंगायत व्यापाऱ्याकडं होता. मूळचे ते जळकोटकडचे. सगळे त्यांना आप्पा म्हणत. कपाळाला विभूती, अंगात बंद गळ्याचा कोट, बोलणं हळू. गड्याशी कानडीत बोलायचे आणि आमच्याशी मराठीत.

त्यांनी हक्क नोंदवला त्याला कारण होतं. कोयनेल महाग, आणि दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यापासून मिळेनासं झालेलं. त्यामुळं खडूच्या भुकटीत काडेचिराईत घालून वळलेल्या गोळ्या बाजारात येऊ लागल्या होत्या. आपल्याकडं जितकं कडू तितकं औषध खरं, ही समजूत. काडेचिराईत कोयनेलच्या तोडीस तोड कडू. जिभेला फरक कळायचा नाही, तापालाच तेवढा कळायचा.

आता माझी चूक सांगतो.

नमुने आम्ही गव्हाच्या पिठाच्या खळीनं चिकटवायचो. खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा रिवाज, म्हणजे कसर लागत नाही. लढाईमुळं मोरचूद मिळेना, तेव्हा मी तशाच खळीवर काम भागवलं. एका पावसाळ्यानंतर वही उघडली तर मिनार छापाच्या पानावर मिनार नव्हताच. कसरीनं कागदाची चाळण केली होती. बाकीचे नमुने थोडेफार शाबूत होते, हाच नेमका गेला. नियम असा की नमुना खराब झाला तर सदर कचेरीला कळवायचं, दुसरा मागवायचा. पण कळवायचं म्हणजे मोरचूद का घातला नाही याचा जबाब द्यायचा, आणि पंधरवड्यात वरिष्ठ तपासणीला येणार होते. जबाब घेणं मला जमायचं. द्यायची सवय नव्हती.

घरी ओव्याची डबी होती. मिनार छापाचीच जुनी रिकामी डबी, चुलीशेजारच्या फळीवर. वर्षभरापूर्वी मी भूमच्या बाजूच्या नाक्यावर होतो तेव्हा घेतलेली. तिचा कागद धुरानं थोडा पिवळसर झाला होता, पण धड होता. बायको पाण्याला गेली असताना मी ती डबी पाण्यात भिजवली आणि कागद सोडवला. एक कोपरा डबीलाच चिकटून राहिला. मी तो कागद वहीत लावला, फाटक्या कोपऱ्यावर नाक्याचा शिक्का दाबला आणि वर वरवंटा ठेवला. सकाळी पान बघून मी माझ्यावरच खूश झालो. वरिष्ठ आले, पानं चाळली, माझ्या अक्षराची तारीफ केली आणि गेले.

ती डबी घरात कशी आली तेही सांगायला हवं.

आम्हाला एकच मुलगी होती, पाच वर्षांची. भूमकडं असताना तिला हिवताप झाला. दवाखान्यातलं कोयनेल संपलेलं. आठवडी बाजारात एक फिरता विक्रेता चादर पसरून बसला होता, त्याच्याकडं मिनार छाप दिसली. मी नाक्याचा माणूस. डबी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, छाप ओळखला आणि मगच घेतली. पोर गोळी तोंडात ठेवायची नाही. कडू लागली की थुंकायची. बायको गुळात घालून, मांडीवर दाबून, कशीबशी गिळवायची. ताप एक दिवसाआड यायचा तो रोज येऊ लागला, आणि तेराव्या दिवशी पोर गेली. तिची वाकळ झटकताना खाली तीन गोळ्या सापडल्या. लपवून थुंकलेल्या.

त्या तीन गोळ्या बायकोच्या मनातून निघाल्याच नाहीत. ती कधी मोठ्यानं रडली नाही. पण भाकरी थापता थापता मध्येच म्हणायची, तीनच हुत्या, म्या नीट बघितलं असतं तर पोटात गेल्या असत्या. मी म्हणायचो, तिचं आयुष्यच तेवढं होतं. मग आमची बदली इकडं झाली. डबी मात्र तिनं टाकली नाही. त्यात ओवा भरला.

नमुना चिकटवला त्याला वर्ष उलटून गेलं. त्या वर्षात मिनार छापाची एकही पेटी आली नाही, कारण परदेशचा माल येणंच बंद होतं. मी ते सगळं विसरूनही गेलो होतो. पुढच्या आश्विनात आप्पांच्या सहा पेट्या आल्या.

तेव्हा आमच्या भागात घरटी एक माणूस तापानं पडलेलं होतं. रामलिंगाच्या डोंगराकडची गावं तर पार आडवी झालेली. आमच्या नाक्याचा शिपाईसुद्धा दुपार झाली की घोंगडं घेऊन कुडकुडत बसायचा. पेट्या उतरल्या, मी एक उघडली, वही काढली, मिलान केलं. मिनार जुळला. किरण जुळले. अक्षरं जुळली. खालचं पाणी जुळेना. वहीतल्या कागदावर मिनाराखाली सरळ, समांतर रेघा होत्या. पेटीतल्या डब्यांवर त्याच जागी वेटोळ्या, एकमेकीत गुंतलेल्या रेघा. मी चार वेळा पाहिलं. कागदाची निळाईही जरा वेगळी वाटली. मी पेटी बंद केली आणि शिपायाला लाख तापवायला सांगितली.

आमचे अमीन, म्हणजे नाक्याचे प्रमुख, हैदराबादकडचे. सरळ माणूस, पण कागदाबाहेर जाणार नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मुन्शी, मिलान तुमने खुद किया?" मी हो म्हणालो. त्यांनी सही केली, आठव्या दिवशी पंच बोलवा म्हणाले, आणि दुसऱ्या नाक्यांच्या फेरीवर निघून गेले. आठव्या दिवशी सकाळी परतणार होते. तोवर नाका माझ्या हातात.

तिसऱ्या दिवशी आप्पा टांग्यानं आले. मी त्यांना बसा म्हणालो नाही. माल तुमच्या छापाशी जुळत नाही, तुम्ही स्वतःच नोंदवलेल्या छापाशी, असं ऐकवलं. चोराच्या उलट्या बोंबा नकोत, असंही काहीतरी बोललो असेन. ते चिडले नाहीत. वही बघायला मिळेल का, म्हणाले. मी मोठ्या तोऱ्यात वही त्यांच्यापुढं सरकवली आणि पानावर बोट ठेवलं.

त्यांनी कोटाच्या खिशातून चष्मा काढला. बराच वेळ वाकून पाहिलं. मग मान वर न करताच म्हणाले, "मुन्शीजी, हे पानी न्हाय. ही पेरनी हाय."

मला कळलं नाही. त्यांनी बोट फिरवून दाखवलं. मिनाराखालच्या त्या सरळ, सारख्या अंतरावरच्या रेघा. "म्या मुंबईला समिंदर बगितलाय. पानी असं पेरनीच्या तासावानी सरळ ऱ्हात न्हाय. हे ज्यानं काढलं त्यानं जल्मात रान सोडून दुसरं काय बगितलं न्हाय. हा कागद म्या दिलेला न्हाय, साहेब."

मी वही ओढून घेतली आणि मिटली. सरकारी वही खोटं बोलत नसते, असं म्हणालो. आवाज चढला होता. ते म्हणाले, वाद घालत नाही, सदर कचेरीत माझा दुसरा नमुना आहे, तो मागवा, आणि तिथंच बसून त्यांनी अर्ज लिहून दिला. घाई करा म्हणाले. गावोगावची माणसं दुकानाच्या पायरीवर येऊन बसतात, त्यांना काय सांगू, असंही म्हणाले. मी अर्ज घेतला आणि टपालाच्या गठ्ठ्यात ठेवतो म्हणालो.

ते गेल्यावर मी घरी गेलो. घर नाक्याच्या मागंच. बायको दळायला शेजारी गेली होती. फळीवरून डबी काढली. पत्रा सगळा काळवंडलेला, कागद होता तेवढाच चौकोन उजळ, आणि एका टोकाला तो चिकटून राहिलेला कोपरा. मी दारात उजेडाला नेला. कोपरा नखाएवढा होता, पण त्यावर तीन रेघा स्पष्ट होत्या. सरळ. पेरणीच्या तासासारख्या.

आमच्या गावी ऐन हंगामात काळ्या रानावर तिफण चालली की मागं असेच तास उमटतात. ते मी जन्मभर पाहिले होते. म्हणूनच बाजारात डबी घेताना मला त्यात काही वावगं दिसलं नाही. पाणी कसं काढतात हे ना खोटा छाप काढणाऱ्या त्या भामट्याला ठाऊक, ना मला. माझी घारीची नजर! छाप पारखून मी खडू घेतला होता आणि पोरीला गुळातून चारला होता.

मी डबी जागेवर ठेवली. ओवा हललासुद्धा नाही.

इथून पुढचे पाच दिवस मी कसे काढले ते मला अजून नीट सांगता येत नाही. आप्पांचा अर्ज मी टपालात घातला नाही. मेजाच्या खणात ठेवला. रोज सकाळी ठरवायचो की आज घालीन, आणि संध्याकाळी खण बंद करून घरी जायचो. दुसरा नमुना आला तर वहीतला खोटा ठरणार, तो कुठून आला याची चौकशी होणार, नोकरी जाणार. ही भीती होतीच, आणि ती काही लहान नव्हती. पण खरं सांगायचं तर मला घराची जास्त भीती वाटत होती. ती डबी तुम्हीच बाजारातून आणली, असं बायको म्हणेल आणि मला मान वर करता येणार नाही, याची.

एकदा वाटलं, वहीतलं पानच फाडावं. पण पानांना आकडे होते. एकदा वाटलं, रोजच्या बारीक तापात कुडकुडणाऱ्या शिपायाला गुपचूप एका पेटीची लाख फोडू द्यावी आणि चोरी झाली म्हणावं. तो त्याच पेट्यांना टेकून बसायचा, दात वाजायचे, घोंगडं हलायचं. त्याच्या पाठीमागं वीत-दीड वीत अंतरावर शेकडो गोळ्या होत्या, खऱ्या. चौथ्या दिवशी त्यानं मला विचारलं, "मुन्शीजी, ह्यातलं समदंच खोटं आसंल व्हय?" मी त्याला कामाला लाग म्हणून खेकसलो.

सातव्या दिवशी आप्पा पुन्हा आले. सदर कचेरीचं उत्तर आलं का, विचारलं. मी नाही म्हणालो. ते ओट्यावर बसून राहिले. जेवणाचा डबा सोडला नाही, पाणीही घेतलं नाही. रागाचा एक शब्द जरी बोलले असते तर मला त्यांच्याशी भांडता आलं असतं. निघताना म्हणाले, उद्या येतो, माल जळताना मालकानं हजर असावं. आणि टांगेवाल्याला कानडीत काहीतरी सांगून गेले.

आठव्या दिवशी सकाळी अमीन परतले. पंच म्हणून गावातले दोघे आले. शिपायानं नाक्यासमोरच्या मोकळ्या जागेत तुराट्या आणि शेणकुटं रचली. पेट्या एकेक करून बाहेर आणताना तो दोनदा थांबला, कारण त्याला उभं राहवत नव्हतं. आप्पा टोपी काढून बाजूला उभे होते. मी पंचनामा लिहायला बसलो. पहिली ओळ लिहिली, दुसरी लिहिली, आणि "असल नमुन्याशी मिलान केले असता" इथं आलो. टाक पुढं जाईना. असल हा शब्द मी लिहू शकलो नाही. एवढंच झालं. मला शौर्य आलं, देवानं बुद्धी दिली, असलं काही नाही. हात अडला.

मी उठलो आणि अमीनसाहेबांना म्हणालो, थोडं थांबा, एक पुरावा घरी आहे. ते काही बोलायच्या आत मी मागच्या बाजूनं घरी गेलो. बायको पाण्याला गेली होती. मी ओवा एका कागदावर ओतला, पुडी बांधून फळीवर ठेवली आणि डबी घेऊन परत आलो.

मग सगळ्यांसमोर बोललो. कसर, मोरचूद, भिजवलेला कागद, दाबलेला शिक्का, खणात ठेवलेला अर्ज, सगळं. बोलताना मी कुणाकडंच बघितलं नाही. वही उघडून डबीवरचा कोपरा शिक्क्याच्या जागेशी लावला. अगदी बसला. दोन्हीकडच्या रेघा एकमेकींत सरळ मिळाल्या. मी चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघालो होतो, आणि सुळीची लाकडंही सरकारी.

अमीनसाहेबांनी अर्धवट पंचनामा घेऊन टराटरा फाडला, पेट्या आत न्यायला सांगितल्या आणि मला कागद घ्यायला लावला. माझ्या बडतर्फीचा अहवाल सदर कचेरीला जायचा होता, आणि नाक्यावर अक्षर चांगलं माझंच. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. काना-मात्रा कुठं चुकली नाही.

आप्पांनी मेजावरची डबी उचलली. आत बोट फिरवलं, वास घेतला. ओव्याचाच आला असणार. मग मला जवळ बोलवून, पंचांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "ह्यातल्या गोळ्या कुनी खाल्ल्या?"

"माझ्या मुलीनं."

माझ्या तोंडाकडं बघून पुढचं त्यांना कळलं असावं. त्यांनी डबी माझ्या हातात परत दिली, आणि माझा हात डबीसकट थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मला त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी एक पेटी फोडून घेतली, पहिली डबी कुडकुडणाऱ्या शिपायाला दिली, दुसरीचा कागद सोडवून नमुना म्हणून अमीनसाहेबांपुढं ठेवला. खळीत मोरचूद घाला, म्हणाले, माझ्या दुकानी आहे थोडा, पाठवतो.

घरी आलो तेव्हा बायको फळीपुढं उभी होती. हातात ओव्याची पुडी. डबी कुठं गेली, तिनं विचारलं. मी डबी तिच्यापुढं जमिनीवर ठेवली आणि तिथंच बसलो.

नोकरी गेल्याचं आधी सांगितलं. मग डबीचं सांगितलं. बाजारात मी घेतलेली ती डबी खोटी होती, गोळ्यांत कोयनेल नव्हतंच, खडू होता, पोरीला आपण खडू चारत होतो. ती भिंतीला टेकली. पुडी हातातच होती. ती म्हणाली, "मंजी त्या तीन गोळ्या पोटात गेल्या असत्या, तरी..."

"तरी काही उपयोग नव्हता," मी म्हणालो. "तू काही चुकली नाहीस."

तिनं पदर तोंडाला लावला. पोर गेल्यापासून पहिल्यांदा मी तिला रडताना पाहिलं. मोठ्यानं, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता. मला वाटलं, चला, निदान एवढं तरी माझ्या हातून झालं. तिचं ओझं उतरलं. माझ्या डोळ्यांनाही पाणी आलं, आणि खोटं का बोलू, त्यात थोडं समाधानही होतं.

रडणं थांबल्यावर तिनं डोळे पुसले आणि विचारलं, तुम्हाला हे कधी कळलं. मी विचार न करता सांगितलं, आप्पांनी वही बघितली त्या दिवशी, पाच दिवस झाले.

"पाच दिस," ती म्हणाली.

मी समजावू लागलो. नोकरीची भीती, चौकशी, अमीन फेरीवर गेलेले. ती ऐकत नव्हती. बोटं मोजल्यासारखी हलत होती.

"परवा भाकरी थापताना म्या त्या तीन गोळ्यांचं बोलले," ती म्हणाली. "तुमी समोर जेवत हुता. तुमाला ठावं हुतं. आनि तुमी म्हनलाव, तिचं आयुष्यच तेवडं."

मी तसं म्हणालो होतो. सवयीनं.

त्या भामट्याला तिनं नंतर कधी शिव्या दिल्या नाहीत, खोटी डबी आणली म्हणून मलाही कधी बोलली नाही. ती उठली, ओव्याची पुडी सोडली, फळीवरची मिठाची बरणी डबीच्या रिकाम्या जागेवर सरकवली आणि ओवा एका मातीच्या बोळक्यात भरला. ती डबी तिनं माझ्याजवळ, मी बसलो होतो तिथं, जमिनीवर तशीच राहू दिली.